गीझर गॅसचा का लाइटचा?

सुकलालभाऊ कुणाच्याही घरात शिरले की आधी हेच विचारायचे. नमस्कार नंतर, पाणी नंतर, खिडकी तर फारच नंतर. आणि हा माणूस खिडक्या-दरवाजे बसवणारा! लोक चक्रावायचे. मीही चक्रावले होते, आणि मी सहजासहजी चक्रावणारी बाई नव्हे. सुरतेतल्या मराठी शाळेत एकवीस वर्षं सातवीला गणित शिकवतेय. पोरांच्या भल्याभल्या थापा मारून झाल्यात माझ्यापुढे.

आमचं घर डिंडोलीला, तिसऱ्या मजल्यावर, तोंड पश्चिमेला. उन्हाळ्यात दुपारी हॉलच्या भिंतीला पाठ टेकवली तर भाकरी टाकल्यासारखी भाजायची. एसी आपला घरघर करतोय, मीटर गरगर फिरतंय, आणि सासूबाई पदरानं वारा घेतायत. त्यात मिलची काजळी. पांढरी ओढणी गॅलरीत वाळत घातली की संध्याकाळी करडी होऊन आत यायची. आमचे हे सुरतेजवळच्या सचिन गावी, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये कलर मास्तर. त्यांना मिलमध्ये कुणीतरी सांगितलं, डबल काचेच्या खिडक्या लावा, मध्ये हवा कोंडलेली असते, ऊन आत येत नाही, वीज वाचते. मी म्हटलं, नसती थेरं. पण मे महिन्यात सासूबाईंना दोनदा चक्कर आली तेव्हा माझी थेरं बंद झाली. कुणीतरी सुकलालभाऊंचा नंबर दिला. “माणूस चांगला आहे,” देणारा म्हणाला, “जरा सर्किट आहे, पण चांगला आहे.”

आले ते रविवारी सकाळी. साठीला टेकलेले, काटक, करड्या रंगाचा सफारी शर्ट, खिशात सुताराची चपटी पेन्सिल आणि अगरबत्तीचा पुडा. दारातच प्रश्न. मी म्हटलं, गॅसचा आहे. तर सरळ बाथरूममध्ये गेले आणि पाच मिनिटं बाहेर येईनात. सासूबाई पारोळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्या मला हळूच म्हणाल्या, “त्या माणूसले साखर शे का काय? आल्या आल्या!” मला हसू आवरेना. भाऊ बाहेर आले ते तोंड उतरवून. “आतच बसवलाय,” म्हणाले. डॉक्टर रिपोर्ट वाचतात ना, त्या आवाजात. “गॅलरीत काढा ताई. बाहेर.”

गॅलरीत वॉशिंग मशीन होतं, सासूबाईंची तुळस होती, कपड्यांची दोरी होती. मी म्हटलं, “दिवाळीनंतर बघू हो.”

 आता माप घेतील म्हटलं, तर नाही. “दुपारी चारला तुमच्या घरात कोण कुठं बसतं?” हा दुसरा प्रश्न. मी सांगितलं. म्हणाले, मग मी चारला येतो. मला वाटलं, टाळतोय. पण मे महिन्याच्या उन्हात, चारच्या ठोक्याला, गडी हजर. उलटा हात एकेका भिंतीवर, एकेका काचेवर ठेवत सगळं घर फिरले. ताप बघतो तसा. मग निकाल दिला. हॉलची एक आणि झोपायच्या खोलीची एक, एवढ्या दोनच खिडक्यांना डबल काच. सरकत्या नकोत, सरकत्या खिडकीत फट राहतेच, कडीनं घट्ट ओढून बसणाऱ्या हव्यात. मुख्य दाराला खालून ब्रशची पट्टी. स्वयंपाकघराची आहे तशीच राहू द्या.

“का? तिलाही लावा की,” मी म्हटलं. एकदा करायचं तर सगळं करावं, असा माझा स्वभाव.

“उत्तरेच्या खिडकीनं तुमचं काय वाकडं केलंय?” म्हणाले. “तिला ऊन माहीत नाही. तिला कशाला गॉगल?”

सासूबाई खूश. त्यांना माणूस आवडला की त्या अहिराणीत घुसतात आणि मी नाशिकची, मला बाहेर ठेवतात. भाऊंची अहिराणी मात्र निराळ्या कारणानं बाहेर यायची. एरवी सरळ मराठी. घाबरले की अहिराणी. हे मला फार उशिरा कळलं.

काम करताना त्यांचं तोंड बंद असायचं. चौकट ओळंब्यात बसवायला अर्धा दिवस. कडेची फट सिलिकॉननं भरायचं काम दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. भरून झालं की बोट पाण्यात बुडवून त्यावरून एकच रेघ ओढायचे, वरपासून खालपर्यंत, न थांबता. मग अगरबत्ती पेटवून बंद खिडकीच्या चारी कडांनी फिरवायचे. धूर हलला तर कुठंतरी वारा शिरतोय. आमच्याकडे धूर जागचा हलला नाही. अनू, माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, तिनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

“टाळ्या नका वाजवू,” भाऊ एकदम म्हणाले. असे म्हणाले की अनू माझ्या मागं येऊन उभी राहिली.

तीच अगरबत्ती घेऊन मग ते बाथरूममध्ये गेले. तिथली परीक्षा उलटी. तिथं धूर हलायलाच हवा. वरच्या काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीकडे धूर पळाला तेव्हा कुठं त्यांच्या खांद्यांचा ताण गेला. मग त्या पट्ट्या अर्ध्या उघड्या ठेवून त्यांनी स्क्रू मारले आणि स्क्रूंची डोकी कानशीनं घासून टाकली. “आता ही कोणाच्या बापाला मिटायची नाही,” म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, थंडीत गार वारा येईल त्याचं काय? तर त्यांना म्हणाले, “हवा म्हणजे घरनी सून शे माय, कोंडी ठेवी तं घर खाई टाकी.” सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हटलं, वा! आता माझ्यावर घ्या!

खाली गेले आणि पुन्हा तीन जिने चढून वर आले. “ताई, ती खिडकी...”

“उघडी आहे हो, भाऊ!”

पहिला आठवडाभर रोज फोन. “खिडकी उघडी शे ना?” मी शाळेत, पेपर तपासतेय, वर्गात गोंधळ, आणि हा माणूस विचारतोय बाथरूमची खिडकी उघडी आहे का. एकदा वैतागून म्हटलं, “भाऊ, तुम्ही त्या खिडकीशी लग्न लावलंय का?” ते हसले नाहीत. नुसतं म्हणाले, “ठेवतो.” आणि ठेवला.

आमचं घर गार झालेलं बघून शेजारच्या रमीलाबेनना हुरूप आला. त्यांना सगळंच बंद हवं. काजळी नको, कबुतर नको, आवाज नको. “भाई, बधू पॅक करी दो ने!” भाऊ म्हणाले, बेन, आधी गीझर बाहेर गॅलरीत काढा, मग तुम्ही म्हणाल ते पॅक करतो. रमीलाबेन म्हणाल्या, वीस वर्षं गीझर तिथंच आहे, कुणाला काय झालं? भाऊ म्हणाले, वीस वर्षं तुमच्या जुन्या खिडक्यांना बोट बोट फटी होत्या, त्या तुम्हाला जगवत होत्या, आणि त्याच मी बुजवणार आहे. रमीलाबेन चिडल्या. दुसरा मिस्तरी बोलावते म्हणाल्या.

मी दार उघडलं तर भाऊ जिन्यात बसलेले. मी पाणी नेलं. पेला त्यांच्या हातात ठरेना, पाणी शर्टावर सांडलं. सिलिकॉनची रेघ एका दमात ओढणारा हाच तो हात.

“दुसरा येईल नी पॅक करून जाईल,” म्हणाले.

“जाऊ दे ना मग. तुमच्या डोक्यावर तर नाही येणार!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी घाणेरडं बोलले असावे असं मला झालं. दुसऱ्या दिवशी स्वतःच पाइप, स्वतःच नळ घेऊन आले आणि गॅस जोडणाऱ्या माणसाला बरोबर आणून रमीलाबेनचा गीझर गॅलरीत लावून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. मग त्यांचं घर पॅक केलं. जाताना आमच्या दारावर टकटक. “ताई, तुमचाही आजच काढू का? माणूस आहे बरोबर.” मी म्हटलं, “दिवाळीनंतर म्हटलं ना हो, भाऊ.” सासूबाईंची तुळस हलवायची म्हणजे घरात महाभारत. कोण करणार?

दिवाळी आली तशी कबुतरं आली. त्या उघड्या पट्ट्यांतून रोज काड्या बादलीत पडायच्या, पिसं पडायची, एकदा तर अंडं फुटलं. धुळ्याहून दीर, जाऊ आणि त्यांची दोन पोरं यायची होती. पाहुण्यांसमोर असली घाण? मी साडीचा खोका घेतला. सुरतेत कुणाच्या घरात साडीचे खोके नसतात? मापात कापला, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि खिडकी झाकली. चार दिवसांचा तर प्रश्न, म्हटलं. इतका नेमका बसला होता पुठ्ठा, की मी दोन पावलं मागं होऊन स्वतःवरच खूश झाले. आजही साडीचा खोका घरात आला की मी आधी तो फाडून टाकते.

नरक चतुर्दशी. आम्ही चौघं, ते चौघं, आठ आंघोळी, आणि सगळ्या उजाडायच्या आत. सासूबाईंचा दंडकच तो. उटणं, तेल, एकामागून एक. गीझरला उसंत नाही. बाहेर फटाक्यांचा धूर म्हणून हॉलच्या, खोलीच्या सगळ्या खिडक्या कड्या ओढून बंद. भाऊंनी बसवलेल्या खिडक्या, धुराचा कण आत येईना. दीर म्हणाले, वहिनी, काय झकास खिडक्या केल्यात! जाऊबाई न्हाऊन आल्या आणि डोकं धरून बसल्या. आम्ही म्हटलं, उपाशीपोटी उटण्याच्या वासानं होतं असं.

बेल वाजली. दारात भाऊ. कानाला मफलर, हातात हेल्मेट. दर नरक चतुर्दशीला ते मोपेडवरून फेरी मारायचे. गॅसचा गीझर आत असलेल्या जेवढ्या घरांत खिडक्या बसवल्या, तेवढी सगळी घरं, पहाटे. हे मला ऐकून माहीत होतं. खरं वाटलं नव्हतं.

“आंघोळी चालल्या?”

“अर्ध्या झाल्या.”

“खिडकी उघडी शे ना?”

कढईत करंज्या, हाताला तेल, मागं पोरं भांडतायत. मी म्हटलं, “उघडी आहे हो, भाऊ! उद्या या फराळाला.” आणि दार लोटलं.

खोटं बोलले मी. सरळ सरळ तोंडावर खोटं. खिडकी बंद आहे हे मला त्या क्षणाला पक्कं आठवत होतं, विसरले वगैरे काही नाही. वाटलं, आता खरं सांगितलं तर हा माणूस आत येणार, पुठ्ठा काढणार, लेक्चर देणार, करंज्या जळणार. म्हणून खोटं बोलले. अनू टॉवेल घेऊन आत गेली आणि तिनं कडी लावली.

करंज्यांचे दोन घाणे तळून झाले असतील. दारावर धपाधप मुठी पडायला लागल्या. उघडलं तर भाऊ, धापा टाकत, तोंड पांढरंफटक. चपलांसकट आत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते खाली उतरून बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत गेले होते. बाथरूममध्ये दिवा असला की पट्ट्यांतून समोरच्या भिंतीवर उजेडाच्या रेघा पडतात. आंघोळी चालल्यात आणि भिंतीवर एकही रेघ नाही. एवढ्यावरून ते तीन जिने धावत आले होते.

“आत कोण?”

“अनू.”

“अनू! ए पोरी! बोल! बोल ना वं माय!”

आतून नुसतं पाणी पडत होतं. बादली भरून वाहत असल्याचा आवाज. मी दार बडवलं, किंचाळले. भाऊंनी मला खांद्याला धरून बाजूला केलं. “कॉक बंद करा गॅसनी! बठ्ठ्या खिडक्या उघडा!” ह्यांच्यावर ओरडले. हे पळाले. भाऊ गुडघ्यावर बसून स्क्रूड्रायव्हर दाराच्या फटीत घालत होते आणि एकसारखे बोलत होते, “मी आलो पोरी, मी आठेच शे, बोलू नको, फक्त ऐक, मी आठेच शे.” इथंच आहे म्हणून, तेच तेच. कडी निघेना. उठले आणि दाराच्या खालच्या फळीला लाथ घातली. एक, दोन. तिसरीला फळी आत गेली. तिथून हात घालून त्यांनी कडी काढली.

अनू कोपऱ्यात मुटकुळं होऊन पडली होती. गाल गुलाबी. मला तो गुलाबी रंग बघून क्षणभर बरं वाटलं, देवा, काही झालं नाही हिला! भाऊंनी तो रंग पाहिला आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून काखेत धरून तिला ओढत गॅलरीत नेलं. तुळस लाथेनं उडवली. सासूबाई सांडलेल्या मातीतच बसून अनूचे तळवे चोळायला लागल्या. रमीलाबेनच्या मुलानं गाडी काढली.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या जागेत गीझर जळला की बिनवासाचा विषारी वायू होतो, गाल गुलाबी होतात ते त्यानंच, आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं. मी बाहेर आले. भाऊ बाकावर बसले नव्हते, खाली फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. मी शेजारी बसले.

“भाऊ, मी खोटं बोलले.”

“माहीत शे.” मफलर सोडत म्हणाले, “सगळेच बोलतात ताई. म्हणून मी खालून बघतो.”

मग त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्यांना एक बहीण होती, इंदू. उधन्याला राहायची, दाजी कापडाच्या लूमवर कामाला. भाऊ तेव्हा नवंनवं हे घट्ट खिडक्यांचं काम शिकले होते. पहिलं काम स्वतःच्या हौसेनं बहिणीच्या घरी केलं. खिडक्या, दार, बाथरूमची खिडकीसुद्धा, सगळं गच्च. अगरबत्ती लावली, धूर दोऱ्यासारखा सरळ उभा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंदूनं मोठ्या कौतुकानं शेजारणींना बोलावून दाखवलं. ती दिवाळी. चतुर्दशीला सगळ्यांच्या आधी ती उठली, न्हायला गेली. घर झोपलेलं होतं. भाऊबीज तीन दिवसांवर होती.

“डॉक्टर म्हणे, त्रास नाही झाला तिला. झोपेतच गेली म्हणे.” भाऊ समोरच्या भिंतीकडे बघत होते. “डॉक्टरला काय माहीत? तो काय आत होता? तिले भ्याव वाटनं व्हई का, ताई? तिनी हाक मारली आसंल का? माले एवढंच पाहिजे. अठरा वर्षं झाली. कोणले विचारू?”

तिला भीती वाटली असेल का, हेच ते अठरा वर्षं स्वतःला विचारत होते. मी त्यांचा हात धरला. 

अनू वाचली. तिसऱ्या दिवशी घरी आली. त्याच दिवशी गीझर गॅलरीत गेला आणि तुळस गच्चीवर. पण अनू पहिलीसारखी व्हायला फार दिवस लागले. झोपताना दिवा चालू. आंघोळीला दार उघडं आणि बाहेर स्टुलावर आजी. एकदा, कितीतरी महिन्यांनी, मी तिच्या वेण्या घालत होते तेव्हा तिनं मला सांगितलं. पाय एकदम गेले म्हणाली. पडले, पण शुद्धीत होते. उठता येईना. ओरडायचं होतं, आवाजच फुटेना. तू स्वयंपाकघरात हसत होतीस ते ऐकू येत होतं. “मला वाटलं आई, तुम्ही सगळे फराळ करायला बसाल आणि मी आतच मरून जाईन. मला इतकी भीती वाटली ना, इतकी.” मी वेणी अर्धी सोडून तिला जवळ घेतलं. हे मी कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही.

लोक म्हणाले, सुकलालभाऊंचं आता तरी मन शांत होईल. एक गेली, एक वाचवली. लोकांना काय, गणित जुळवायला आवडतं. मी गणिताची बाई, मी सांगते, तसं काही जुळत नाही. उलट त्यांची भीती वाढली. आधी ती मनातली होती. आता त्यांना खात्रीच पटली की बंद दारामागं खरंच कुणीतरी पडलेलं असतं. दिवाळीची फेरी दर रविवारची झाली. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या घरांत जायला लागले. तिथं नवे भाडेकरू, ते हाकलून द्यायचे. वेडा म्हणायचे. एकानं तर धक्के मारून जिन्यातून उतरवलं. भाऊंनी काम घेणं कमी केलं, मग बंदच केलं. पाच वर्षं अशी गेली, आणि त्यांचा मुलगा त्यांना बारडोलीला घेऊन गेला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिकडे गेलो, मी आणि अनू. अनू आता अठरा वर्षांची, कॉलेजात जाते, मैत्रिणींशी गुजराती, फोनवर हिंदी, भांडायला मराठी. उसाचा गळीत हंगाम, सगळ्या गावाला मळीचा वास. भाऊ अंगणात खाटेवर बसले होते. मोडलेच होते, पण ओळखलं लगेच. सून सांगत होती, “बाबा घरात झोपत नाहीत. थंडी असो, काही असो, इथंच ओट्यावर. आत कोणी दार लावलं तर ओरडतात.” बाथरूमच्या खिडकीला त्यांनी झडपच बसवू दिली नव्हती, नुसते गज. पडदा लावला तर फाडून टाकायचे. सूनबाई बोलत होती आणि भाऊ मान खाली घालून ऐकत होते, शाळेतल्या पोरासारखे.

अनू त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. अभ्यास विचारला, आजीचं विचारलं. मग बोटांनी खाटेची सुतळी उसवत बसले. मला कळलं हा माणूस आता काय विचारणार आहे. मला वाटलं मध्येच काहीतरी बोलावं, चला निघतो म्हणावं. मी पर्स खांद्याला अडकवलीसुद्धा.

“पोरी, एक विचारू?”

“विचारा ना बाबा.”

“आत पडेल व्हतीस तवय...” त्यांचा आवाज बारीक झाला. “तुले भ्याव वाटनं का?”

 अनूनं माझ्याकडे बघितलं नाही. मी मात्र तिच्याकडेच बघत होते.  तिला ती पहाट पुन्हा आठवायला लावू नका हो, असं मला त्यांना ओरडून सांगायचं होतं.

“नाही बाबा,” ती म्हणाली.

“नही?”

“नाही. डोळे जड झाले, बस. झोप येते ना, तसं. गरम पाणी होतं, बरं वाटत होतं. काही कळलंच नाही. मग तुमचा आवाज आला.”

“खरं सांगस?”

“खरं. मी कशाला खोटं बोलू?”

भाऊ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. कुणाचं खोटं ओळखायचं त्यांना बाकी राहिलं नव्हतं. खालून भिंतीवरचा उजेड बघून माणसाचं खोटं पकडणारा माणूस. पण अनूचा चेहरा हलला नाही. त्यांनी दोनदा मान हलवली. “बरं वाटत होतं,” असं स्वतःशीच म्हणाले. मग डोळे पुसले, खाटेला धरून उठले आणि घरात गेले.

सून भांबावली. “आत गेले?” म्हणाली. आम्ही तिघी दारापर्यंत गेलो. आतल्या खोलीत जमिनीवर गोधडी होती, तिच्यावर भाऊ आडवे झाले होते. भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी. पाठ हळूहळू खालीवर होत होती. भर दुपारी, पाहुणे दारात, आणि ते गाढ झोपले होते.

सून चहा टाकायला गेली. अनूनं माझा हात घट्ट धरला. तिचा हात थंडगार होता.

“आई,” ती अगदी हळू म्हणाली, “मला इथून बाहेर ने. आणि परत कधी त्यांनी तुला विचारलं, तर हेच सांगायचं.”

मी हो म्हटलं.